लॅब सोफ्यावरून हटतच नाही, काय करू?

तुमचा लॅब्राडॉर दीड वर्षाचा आहे. ओरडलं की सोफ्यावरून उतरतो आणि तुम्ही स्वयंपाकघरात गेलात की पुन्हा वर. वर्तमानपत्राची गुंडाळी आपटून झाली, आणि आता शेजारी सांगतायत की घरात बॉस कोण ते त्याला एकदा दाखवून द्या.

शेजाऱ्यांचा सल्ला कृपा करून ऐकू नका. कुत्रा उंचावर बसला म्हणजे तो घराचा मालक व्हायला बघतोय, ही समजूत मुळात लांडग्यांवरून आलेली आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचं निरीक्षण करून १९४७ साली वर्चस्वाच्या मारामाऱ्यांबद्दल लिहिलं. पुढे ही कल्पना लोकप्रिय करण्यात ज्यांचा मोठा हात होता, त्या लांडग्यांच्या अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनीच १९९९ साली स्पष्ट केलं, की जंगलातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. तुमच्या लॅबला सत्ता नकोय, त्याला गादी हवी आहे. सोफा मऊ आहे, त्याला घरातल्या सगळ्यांचा वास आहे, वर पंखा आहे आणि कदाचित तिथून खिडकीबाहेरचा रस्ता दिसतो. खाली काय, तर टाइल्स, ज्यांवर पाय घसरतात.

म्हणून आधी त्याला त्याची जागा द्या, मग सोफा बंद करा. ही जागा बाल्कनीत किंवा चपलांच्या रॅकशेजारी नको. तुम्ही संध्याकाळी जिथे बसता तिथेच, सोफ्याला लागून हवी, कारण त्याला तुमच्या जवळ असायचंय. जुनी गादी चालेल, चार पदरी गोधडी चालेल. उंची आवडत असेल तर नवारीची बुटकी खाट उत्तम, उन्हाळ्यात खालून वाराही लागतो. त्यावर तुमची वापरलेली, न धुतलेली चादर टाका.

मग शिकवणी. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे नखाएवढे तुकडे करा. मनुका आणि चॉकलेट अजिबात नको, दोन्ही कुत्र्यांना विषारी आहेत. तुकडा गोधडीवर टाका, चारही पाय गोधडीवर आले की लगेच ‘जागेवर’ म्हणा आणि अजून एक द्या. तो आडवा झाला की तुकडा हातात न धरता त्याच्या पुढच्या दोन पंजांच्या मध्ये ठेवा, म्हणजे मान खाली राहते आणि उठायची घाई कमी होते. आमच्या गावठी चंपीला मी असंच शिकवलं. सुरुवातीला ती हनुवटी सोफ्याच्या काठावर टेकवून माझ्याकडे बघत राहायची. तेवढ्यावर ना रागवायचं, ना खाऊ द्यायचा. हनुवटी काढून गोधडीकडे वळली रे वळली की तुकडा तिथे हजर. सगळी शिकवणी या वळण्याच्या क्षणात आहे. तो टिपायला जमलं की बाकीचं आपोआप होतं.

‘खाली’ वेगळं शिकवा. तो वर असेल तर हाताने धरून ओढू नका. तुकडा जमिनीवर टाका, उतरला की शाबासकी द्या आणि तिथून थेट त्याच्या जागेवर न्या, पुढचा तुकडा तिथे. नाहीतर हुशार लॅब चढ-उतर करूनच खाऊ कमावतो! घरात हलका पट्टा लावून ठेवलात तर हळूच वळवता येतं, पण लक्ष असतानाच. एकटा असताना पट्टा कुठेतरी अडकून गळ्याला फास बसू शकतो.

तुम्ही घरात नसाल तेव्हा काय? दार लावा. दार नसेल तर सोफ्यावर खुर्च्या उलट्या घाला, कपडे वाळत घालायचा स्टँड आडवा ठेवा. गैरहजेरीत जितक्या वेळा तो वर झोपेल तितकी सवय घट्ट होईल. आणि घरी येऊन सोफ्यावर केस दिसले म्हणून रागावू नका. दोन तासांपूर्वीच्या झोपेशी तो तुमचा राग जोडू शकत नाही. तो मान खाली घालतो, कान पाडतो, आपल्याला वाटतं कबुली दिली. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली हेच तपासलं: चूक केलेली असो वा नसो, मालक रागावला की कुत्रे तसा चेहरा करतात. ती आपल्या रागाची भीती आहे, आणि आपल्याच कुत्र्याच्या चेहऱ्यावर ती पाहायला मला सहन होत नाही.

सगळ्यात अवघड भाग घरातल्या माणसांचा आहे. तुम्ही उतरवता आणि रात्री मालिका बघताना आजोबा त्याला शेजारी बोलावून डोकं खाजवतात, असं असेल तर सगळी मेहनत वाया. कधीकधीच मिळणारं बक्षीस नेहमीच्या बक्षिसापेक्षा जास्त चिवट सवय लावतं. नऊ वेळा नाही आणि दहाव्यांदा हो, यातून तो एवढंच शिकतो की प्रयत्न सोडायचा नाही. आजोबांना कुत्रा जवळ हवाच असेल तर सोफ्यावर ठरावीक चादर अंथरा: चादर असेल तर चढायचं, नसेल तर नाही. हा नियम कुत्र्यांना समजतो, पण तो सगळ्यांनी पाळायला हवा. बंदी नीट लागू झाली की सुरुवातीला तो जास्तच हट्ट करेल, भुंकेल, पंजा मारेल. तेव्हा ढिले पडू नका.

दोन गोष्टी मात्र वेगळ्या. उतरवताना तो गुरगुरत असेल किंवा अंग ताठ करत असेल, तर हात घालू नका आणि गुरगुरण्याबद्दल शिक्षाही करू नका. ती त्याने दिलेली सूचना आहे, ती बंद झाली तर पुढच्या वेळी थेट दात लागतील. मुलांना लांब ठेवा आणि वर्तनाची जाण असलेल्या प्रशिक्षकाला घरी बोलवा. दुसरं, लॅबमध्ये खुब्याच्या सांध्याचा त्रास बराच आढळतो. टणक फरशीवर तो बसायलाच टाळत असेल, उठताना मागचे पाय जड वाटत असतील, तर शिकवणी थांबवून आधी व्हेटकडून सांधे तपासून घ्या.