वयस्कर रॉक गायकांना पहिल्यांदा ऐकायला जाताना

तुम्ही ठाण्याहून नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर प्रथमच जाणार आहात, म्हणून सांगतो. जुन्या ध्वनिमुद्रणातला आवाज कानात धरून जाऊ नका. १५ डिसेंबर २०१९ रोजी 'यू टू' हा आयरिश रॉक बँड याच मैदानावर आपल्या १९८७च्या अल्बमची गाणी घेऊन आला, तेव्हा त्याचा गायक बोनो ५९ वर्षांचा होता. वयानुसार स्वरतंतूंची लवचीकता कमी होते, त्यामुळे अनेक गायक गाणे अर्धा-एक स्वर खाली उतरवतात आणि तार सप्तकातली ओळ खुबीने प्रेक्षकांकडे सोपवतात. याला फसवणूक म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, कारण पन्नास वर्षे गळा राखणे हीसुद्धा कलाच आहे. जवळची जागा मिळाली असेल, तर अशा वेळी मोठ्या पडद्याऐवजी ड्रमरच्या मनगटांकडे पाहा. तरुणपणीची आदळआपट तिथे उरलेली नसते, पण ठोका जरा मागे रेलून, नेमका पडतो.

कानांसाठी फोमचे बोळे जवळ ठेवावेत (आमच्या पिढीने ते ठेवले नाहीत, आता आम्हाला दारावरची घंटा ऐकू येत नाही). ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल थेट नेरुळला जाते. मात्र परतीची शेवटची गाडी आधीच पाहून ठेवावी, कारण कार्यक्रम संपल्यावर स्थानकापर्यंत पोहोचायलाच गर्दीत बराच वेळ जातो.