तिसरा मजला, लिफ्ट नाही, आईला डायलिसिसला न्यायचं: स्ट्रेचर घ्यावा की खुर्ची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवलीतली जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. अर्धांगवायूमुळे आईंची डावी बाजू कमजोर, वजन ६८ किलो, आणि आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सध्या तुम्ही आणि वॉचमन त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवता. ऑनलाइन घडीचा स्ट्रेचर दिसलाय, तो मागवावा का?

स्ट्रेचर मागवू नका. तुम्हाला खुर्ची लागणार आहे, पण जिना मोजल्याशिवाय तीही घेऊ नका. आणि प्लास्टिकची खुर्ची मात्र आजपासून बंद करा. तिचे हात धरून उचललं की सगळं वजन हात आणि पाठ जिथे जुळतात त्या सांध्यावर येतं. तो भाग अशी ओढ सहन करायला बनवलेलाच नसतो. वर्षानुवर्षं गॅलरीत उन्हात पडलेलं प्लास्टिक कडक होतं आणि तडा न दाखवता एकदम तुटतं. नवीन साधन येईपर्यंत हात नसलेली, सरळ पाठीची, घट्ट सांध्यांची लाकडी जेवणाची खुर्ची वापरा. मागचा माणूस पाठीची चौकट धरेल, पुढचा खुर्चीचे पुढचे पाय खालून धरेल. घरातल्या व्हीलचेअरसकट उचलायचा मोहही टाळा. तिचे हात आणि पायपट्ट्या बऱ्याचदा काढता येण्यासारख्या बनवलेल्या असतात, तिथे धरून उचललं तर त्या हातात येऊ शकतात. शिवाय साधी लोखंडी व्हीलचेअरच पंधरा किलोच्या पुढे असते.

स्ट्रेचर का नको, ते तुमच्या लँडिंगवर उभं राहिलं की कळेल. उघडलेला स्ट्रेचर साधारण दोन मीटर लांब. पुढे-मागे धरणाऱ्यांना जागा धरली तर तीन मीटरपर्यंत जातं. जुन्या इमारतींत लँडिंगची खोली बहुधा मीटरभर असते. तिथे वळायचं तर स्ट्रेचर कठड्यावरून उंच न्यावा लागतो किंवा तिरका उभा करावा लागतो, आणि आतला माणूस पट्ट्यांत घसरतो. बसलेल्या माणसाला पाय दुमडून मीटरभर लांबी पुरते. म्हणून जिन्यात खुर्ची, हा नियम जगभर रुग्णवाहिकेवरची माणसंही पाळतात. अपवाद आहेत: खुब्याचं हाड मोडलेलं, पाठीच्या कण्याला मार लागल्याची शंका, किंवा माणूस बेशुद्ध. यांना बसवायचं नाही, आडवंच न्यायचं. उलट धाप लागलेल्या माणसाला आडवं केलं तर त्याचा जीव अजून घाबरा होतो. आईंची किडनी निकामी आहे. डायलिसिस चुकून अंगात पाणी साचलं, तर त्यांना हाच त्रास होऊ शकतो. म्हणजे तातडीच्या वेळीही त्यांना बसूनच उतरावं लागण्याची शक्यता जास्त.

आता मुख्य मुद्दा, ज्यात बहुतेक घरांचे पैसे वाया जातात. दुकानदार तुम्हाला मागे रबरी पट्टे असलेली इव्हॅक्युएशन चेअर दाखवेल. एक माणूस मागून धरतो, पट्टे पायऱ्यांच्या कडांवर टेकतात, घर्षणाने वेग आवरला जातो आणि खुर्ची सरसर खाली उतरते. बघताना सुरेख वाटतं, आणि ती आहेच उत्तम. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये ६९व्या मजल्यावर काम करणारा, हातापायांची हालचाल गेलेला एक कर्मचारी होता. १९९३च्या बॉम्बस्फोटानंतर त्याला खाली उतरवायला सहा तासांहून जास्त वेळ लागला. त्यानंतर तिथे अशा खुर्च्या घेतल्या गेल्या. २००१च्या हल्ल्यात दहा सहकाऱ्यांनी त्याच माणसाला त्याच मजल्यावरून साधारण दीड तासात बाहेर काढलं आणि तो वाचला. पण ही खुर्ची आगीसाठी बनलेली आहे. आगीतून माणूस एकदाच खाली येतो. तुमच्या आई आठवड्यातून तीनदा खाली उतरणार आणि तीनदा वर चढणार. साधी पट्ट्यांची खुर्ची वर चढवत नाही. वर जाताना ती नुसतं ओझं होते. आगीची सोय म्हणून सोसायटीने एक घेऊन वरच्या मजल्यावर जिन्याजवळ टांगली तर मी टाळ्या वाजवीन. तुमची रोजची गरज तिने भागणार नाही.

तुमच्यासमोर खरे पर्याय दोनच.

पहिला, हातांनी उचलायची कॅरी चेअर. ॲल्युमिनियमची, घडीची, दहा किलोच्या आसपास. मागे दोन मुठी, पुढे पायांजवळ बाहेर ओढता येणाऱ्या दोन मुठी, खाली दोन-चार चाकं. घेताना तीन गोष्टी बघा. पुढच्या मुठी बाहेर ओढल्यावर खट्कन अडकल्या पाहिजेत. ओढून, ढकलून, पिरगाळून बघा, सैल हलत असतील तर परत ठेवा. छाती, कंबर आणि पावलं अशा तीन जागी पट्टे हवेत. आणि सीट कडक कापडाची किंवा पत्र्याची हवी. मऊ झोळीदार सीटमध्ये आईंचं अंग कमजोर बाजूला, म्हणजे डावीकडे कलंडेल.

दुसरा, बॅटरीवर पायऱ्या चढणारी खुर्ची. ही एक माणूस चालवतो आणि ती वरही चढते. आठवड्याच्या सहा फेऱ्यांसाठी, आणि हे वर्षानुवर्षं चालणार असेल तर, परवडत असल्यास हीच घ्या. मात्र तिच्या अटी असतात. वळणावर पंख्यासारख्या त्रिकोणी पायऱ्या असतील तर रबरी पट्ट्यांवर चढणारी खुर्ची तिथे नीट टेकत नाही. लँडिंगवर ती पूर्ण फिरायला हवी. पायऱ्यांच्या कडा झिजून गोल झाल्या असतील तर पकड सुटते. खुर्ची जड असते, म्हणून रात्री ठेवायची आणि चार्ज करायची जागा आधी ठरवा. विक्रेत्याला स्पष्ट सांगा: माझ्या जिन्यावर, माझ्या आईच्या वजनाच्या माणसाला बसवून, तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवून दाखवा, मग पैसे. जो यायला टाळाटाळ करेल त्याच्याकडून घेऊ नका. नंतर बिघाड झाल्यावरही तो येणार नाही.

हातांनी उचलायचं ठरवलंत तर माणसांचा हिशोब मांडा. अमेरिकेतली निऑश ही कामगार-आरोग्य संस्था सगळं अनुकूल असतानाही एका माणसाने उचलायचं ओझं २३ किलो धरते. माणसं उचलणाऱ्या परिचारिकांसाठी तर साधारण १६ किलो सुचवलं जातं, कारण माणूस हलतो, कलतो, घाबरतो. आई आणि खुर्ची मिळून ७८ किलो झाले. दोघांत वाटले तर प्रत्येकी ३९. तुमची आणि वॉचमनची कंबर काही महिन्यांत बोलू लागेल. म्हणून निदान तीन, शक्यतो चार माणसं हवीत. दोघं खुर्चीला, तिसरा खालच्याच्या पाठीवर हात ठेवून, चौथा हात बदलायला. इमारतीतल्या दोन तरुण मुलांना महिन्याचे ठरवून पैसे द्या. उपकारावर चालणारी मदत पावसाळ्यात आणि परीक्षेच्या दिवसांत आटते, आणि डायलिसिस चुकवता येत नाही. 'पायांकडचा भाग हलका, तिथे कोणीही चालेल' हा समजही सोडा. जिन्याच्या उतारावर भार खालच्या माणसाकडे ढळतो. दोघांत उंचीचा फरक असेल तर उंच माणूस खाली ठेवा, म्हणजे खुर्ची कमी कलते.

उतरताना आईंचं तोंड खालच्या दिशेला, खुर्ची थोडी मागे कललेली. खालचा माणूस आईंकडे तोंड करून उलटा उतरतो, म्हणून त्याच्यामागचा तिसरा माणूस चैनीचा नाही, गरजेचा आहे. पायऱ्या त्यानेच मोठ्याने मोजायच्या आणि 'शेवटची' हा शब्द कधी विसरायचा नाही. हुकूम एकाचाच, डोक्याकडच्या माणसाचा, कारण त्याला पुढचा जिना दिसतो. 'उचला', 'चला', 'थांबा', 'टेका', एवढे चार शब्द पुरतात. प्रत्येक लँडिंगवर टेकायचंच, दम लागलेला असो वा नसो. चढताना पाठ वरच्या बाजूला, म्हणजे आई खालीच बघत वर जातात. सगळ्यांच्या पायांत पट्ट्याचे बूट किंवा सँडल, चपला नाहीत. आईंच्या साडीचा किंवा ओढणीचा पदर मांडीखाली खोचा. जून ते सप्टेंबर एक जण कोरडं फडकं घेऊन पुढे. जिन्यातले चपलांचे स्टँड, कुंड्या, सायकली हलवायला सोसायटीला लेखी पत्र द्या, कारण आग लागली तर तो रस्ता सगळ्यांचाच आहे.

एक गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेली नसते. उचललेला माणूस घाबरला की कठडा पकडतो. माझ्या वडिलांना आम्ही काही वर्षं अशाच जिन्यातून नेत होतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची कलली की त्यांचा हात आपोआप लोखंडी कठड्याकडे जायचा, मूठ घट्ट मिटायची आणि चालत्या खुर्चीला एकदम हिसका बसायचा. 'बाबा, सोडा' म्हणून ती मूठ सुटत नसे, ते त्यांच्या हातात नव्हतंच. मग आम्ही निघण्याआधी त्यांचा पंचा गुंडाळून दोन्ही हातांत द्यायला लागलो आणि छातीचा पट्टा हातांवरून घ्यायला लागलो. तुमच्या आईंचा उजवा हात शाबूत आहे, तोच कठड्याकडे जाणार. त्या हाताने डावं मनगट धरायला सांगा. त्याने कमजोर हातही मांडीवर राहतो, लोंबकळून भिंतीवर घासत नाही. फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी, डाव्या हातात असेल तर मात्र मनगट धरायला सांगू नका, उशी द्या. आणि प्रत्येक वेळी आधी सांगा: आता उचलतोय, आता वळतोय, आता टेकवतोय. डोळ्यांना दिसत नसलेल्या पायरीवर दुसऱ्यांच्या हातांत लटकणं काय असतं, ते एकदा स्वतः खुर्चीत बसून, त्याच मुलांकडून स्वतःला खाली न्यायला लावून बघा. ही रंगीत तालीम मी प्रत्येक घराला करायला लावतो. त्यानंतर मुलं आपोआप सावकाश चालतात.

आईंना खुर्चीत बसवताना डाव्या काखेत हात घालून ओढू नका. अर्धांगवायूत खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, सांधा निखळतो आणि ते दुखणं महिनोन्‌महिने जात नाही. कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरा. डावं पाऊल पायपट्टीवर बांधूनच टाका. त्यांना ते घसरलेलं कळणार नाही आणि पायरीच्या कडेत अडकेल. लघवीची पिशवी असेल तर आधी रिकामी करून गुडघ्याखाली अडकवा. मांडीवर ठेवली तर लघवी उलटी चढून जंतुसंसर्ग होतो. फिस्टुलाच्या हातावर पट्टा नको, पकड नको. डायलिसिसहून परतताना रक्तदाब खाली गेलेला असू शकतो, म्हणून सेंटरमधून निघण्याआधी तो मोजून घ्या आणि सुईच्या जागेवरची पट्टी कोरडी आहे ना ते बघा. जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली तर जवळच्या लँडिंगवर आडवं करून पाय उंच करा, 'एकच मजला राहिलाय' म्हणून चढवत राहू नका.

खुर्चीच्या जोडीला एक आठ मुठींची कॅरी शीट जरूर घ्या. जाड कापडाची, गुंडाळून कपाटाच्या वर राहते, किंमत खुर्चीच्या मानाने फारच कमी. आई पडल्या, बेशुद्ध झाल्या, तर चार जण तिच्यावरून त्यांना लँडिंगच्या वळणातूनही नेऊ शकतात, कारण ती वाकते. वाकते म्हणूनच कण्याच्या दुखापतीत मात्र ती नको. मेळघाटात, सुरगाण्याकडे अजूनही बाळंतिणींना बांबूला बांधलेल्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. ती झोळी पायवाटेवर चालते, कारण पुढे-मागे दोनच माणसं लागतात, पण आतल्या बाईचं अंग धनुष्यासारखं वाकून श्वास कोंडतो. शहरात आपल्याला चार माणसं मिळतात, तेव्हा झोळी करू नका, शीट ताणून धरा. शीट नसेल तर सतरंजी किंवा जाड ब्लँकेट चालेल. दोन्ही कडा अंगाजवळ येईपर्यंत घट्ट गुंडाळायच्या आणि त्या गुंडाळीला धरायचं. जुनी चादर फाटते.

१०८ला फोन केलात तर स्ट्रेचर त्यांच्याकडे असतोच, बहुधा उभा चिरून दोन्ही बाजूंनी अंगाखाली सरकवता येणारा स्कूपही असतो. पण गाडीवर डॉक्टर आणि चालक असे दोघंच असतात. तिसऱ्या मजल्यावरून आणायला चार शेजारी तुम्हालाच उभे करावे लागतील. त्यांचे नंबर आजच दाराच्या आत चिकटवा.

खरेदीआधी नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, एक प्रश्न विचारा: आईंना पोटातून होणारं पेरिटोनियल डायलिसिस चालेल का? ते घरीच करता येतं, दिवसातून काही वेळा पाणी बदलून किंवा रात्री मशीनवर, आणि घरातलं माणूस ते शिकू शकतं. सगळ्यांना ते जमत नाही, पोटाच्या आधीच्या शस्त्रक्रिया आड येऊ शकतात. पण जमलं तर जिन्याच्या आठवड्याच्या सहा फेऱ्यांची महिन्याला एक-दोन होईल. नाहीच जमलं तर जवळपास तळमजल्यावर भाड्याने जागा मिळते का, त्याचा आणि बॅटरीच्या खुर्चीचा हिशोब शेजारी-शेजारी मांडून बघा. तुमच्या भागातल्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रातही चौकशी करा. तिथे व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची अनामत भरून मिळते, कॅरी चेअर क्वचित, पण कुणी दिलेली असली तर महिनाभर वापरून तरी बघता येईल.

आता मापं घ्या: भिंतीपासून कठड्यापर्यंत जिन्याची रुंदी, लँडिंगची लांबी आणि खोली, एका पायरीची उंची आणि पाऊल ठेवायची जागा, घराच्या दाराची मोकळी रुंदी, आणि वळणावर त्रिकोणी पायऱ्या आहेत की नाहीत. ती इथेच टाका, लँडिंगचा एक फोटोही जोडा. बॅटरीची खुर्ची तुमच्या जिन्यात फिरेल की नाही, ते त्यावरून सांगतो.