वाचकांचे प्रश्न : लहान टर्बो पेट्रोल इंजिन, आकडे आणि आयुष्य

प्रश्न : मी जी गाडी घेण्याचा विचार करतो आहे, ती १.० लिटरच्या तीन सिलिंडरच्या टर्बो पेट्रोल इंजिनासह मिळते आणि १.२ लिटरच्या साध्या इंजिनासहही. कागदावर लहान इंजिनाचीच ताकद जास्त दिसते. हे कसे? आणि एवढ्याशा इंजिनातून एवढी ताकद काढल्यावर ते टिकते का?

उत्तर : कागदावरचे आकडे खोटे नसतात, मात्र आपण बहुतेक वेळा त्यातला चुकीचा आकडा आधी वाचतो. ह्युंदाईच्या कप्पा मालिकेतली दोन इंजिने उदाहरणादाखल घेऊ. ९९८ सीसीचे टर्बो इंजिन (टर्बो म्हणजे सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबणारा पंखा) ६००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ६००० फेऱ्यांना, १२० पीएस (हॉर्सपॉवरसारखे एकक) शक्ती देते आणि १५०० ते ४००० आरपीएमच्या दरम्यान १७२ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते. ११९७ सीसीचे साधे, म्हणजे टर्बो नसलेले, इंजिन ६००० आरपीएमला ८३ पीएस आणि ४२०० आरपीएमला सुमारे ११५ न्यूटन-मीटर देते. रोजच्या वापरात इंजिन सहा हजारांवर क्वचितच जाते, ते असते दोन हजारांच्या आसपास. टॉर्कला आरपीएमने गुणून ९५४९ ने भागले की किलोवॅटमध्ये शक्ती मिळते (एक किलोवॅट म्हणजे सुमारे १.३६ पीएस). या हिशेबाने २००० आरपीएमला टर्बो इंजिन सुमारे ४९ पीएस देऊ शकते, तर साध्या इंजिनाचा टॉर्क तिथे पूर्ण ११५ धरला तरी आकडा ३३ च्या पुढे जात नाही. ओव्हरटेक करताना पिकअपमध्ये जाणवतो तो हा फरक, १२० आणि ८३ मधला नव्हे.

याच आकड्यांत दुसरी बाजूही आहे. टर्बो एक्झॉस्टच्या वायूंवर फिरतो. इंजिनाचा वेग पुरेसा नसला की त्याला फिरवायला पुरेसा वायूच मिळत नाही आणि १५०० च्या खाली तुमच्या हाती उरते ते केवळ एक लिटरचे इंजिन. गतिरोधकावरून दुसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू ठेवून गाडी उचलताना साधे १.२ इंजिन अनेकदा अधिक शहाण्यासारखे वागते. ही गोष्ट माहितीपत्रकात लिहिलेली नसते, ती चाचणी फेरीतच तपासावी लागते.

आता टिकण्याविषयी. वरच्या आकड्यांनुसार दर लिटरमागे टर्बो इंजिनाचा टॉर्क साध्या इंजिनाच्या जवळजवळ १.८ पट आहे, म्हणजेच सिलिंडरमधला दाब आणि उष्णताही बरीच जास्त असते. परंतु त्यामुळे इंजिन लवकर झिजलेच पाहिजे असे नाही, कारण हा भार गृहीत धरूनच पिस्टन, बेअरिंग आणि क्रँक (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा मुख्य दांडा) यांची रचना केलेली असते आणि अनेक इंजिनांत पिस्टनच्या खालच्या बाजूवर ऑइलची धार सोडून तो थंड ठेवला जातो. माझ्या मते या इंजिनांच्या तक्रारींचे मूळ लहान आकारात कमी आणि ऑइलमध्ये जास्त असते.

पहिले कारण म्हणजे अवेळी होणारे ज्वलन. कमी आरपीएम आणि जास्त भार असताना सिलिंडरमधला ऑइल-पेट्रोलचा एखादा थेंब किंवा कार्बनचा कण स्पार्क पडण्याआधीच पेटतो. त्या क्षणी दाब इतका वाढतो की पिस्टनवर रिंग बसण्याच्या खाचांमधला भाग तडकू शकतो. हे रोखण्यासाठी ऑइलचे दर्जेच बदलावे लागले : २०१८ मध्ये एपीआय या अमेरिकी संस्थेचा एसएन प्लस आणि २०२० मध्ये एपीआय एसपी हा दर्जा आला. म्हणून ऑइल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या दर्जाचे आणि ग्रेडचेच घालावे, गॅरेजमधल्या पिंपातले ‘चालतंय’ म्हणून घालू नये. आणि चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये गाडी धडधडत असताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबण्याऐवजी एक गिअर खाली यावे.

दुसरे कारण अधिक बोलके आहे. फोर्डचे ९९९ सीसीचे इकोबूस्ट इंजिन २०१२ मध्ये आले आणि त्याच वर्षापासून सलग तीन वर्षे ते ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ ठरले. (दहाव्या वर्षी इंजिन कसे असेल, हे परीक्षकांना पहिल्या वर्षी दिसत नाही.) त्यात रबरी टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट फिरवणारा पट्टा) ऑइलमध्ये भिजलेला फिरत होता, प्यूजो-सिट्रोएनच्या १.२ प्यूरटेकमध्येही हीच रचना होती. घर्षण कमी व्हावे हा हेतू चांगला होता. परंतु थंड इंजिनावर सतत छोट्या फेऱ्या मारल्या की न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरते, त्याने बेल्टचे रबर मऊ पडते, त्याचे तुकडे सुटतात आणि ऑइल खेचणाऱ्या जाळीवर जाऊन बसतात. जाळी तुंबली की ऑइलचा दाब घटतो. म्हणजे बेल्ट तुटण्याआधीच बेअरिंग आणि टर्बो धोक्यात येतात. पुढे दोन्ही इंजिनांच्या नव्या आवृत्त्यांत कॅमशाफ्टसाठी चेन आली. याउलट फोक्सवॅगनच्या ९९९ सीसीच्या टीएसआयमध्येही बेल्टच आहे, पण तो बाहेर, कोरडा आहे. त्यामुळे विक्रेत्याला पहिला प्रश्न ‘चेन आहे की बेल्ट, आणि बेल्ट असेल तर कोरडा की ऑइलमधला?’ हा विचारावा. ऑइलमधला असेल, तर ऑइल बदलण्याचे अंतर कंपनीच्या मर्यादेपेक्षा कमी ठेवलेले बरे.

प्रश्न : गाडी थांबवल्यावर टर्बोसाठी इंजिन एक मिनिट चालू ठेवणे आवश्यक आहे का?

उत्तर : रोजच्या फेरीनंतर नाही. शेवटचा किलोमीटरभर गाडी सावकाश चालवली तरी पुरते. मात्र लांब चढ चढून किंवा सुसाट वेगाने येऊन लगेच थांबला असाल, तर एक मिनिट द्यावे. लहान टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांहून अधिक फेऱ्या घेऊ शकतो आणि त्याला आधार ऑइलच्या पातळ थराचा असतो. तापलेल्या बेअरिंगमध्ये ऑइल थांबून राहिले की ते जळून त्याची काजळी धरते. आताच्या अनेक टर्बोंना कूलंटचीही जोड असल्याने हा धोका पूर्वीपेक्षा कमी झाला आहे.

प्रश्न : असेच इंजिन असलेली वापरलेली गाडी पाहतो आहे. काय तपासावे?

उत्तर : आधी सर्व्हिसिंगची नोंदवही पाहावी, मीटरवरचा आकडा नंतर. नोंदींमध्ये ऑइल बदलाला खंड पडलेला असेल, तर गाडी कितीही चकचकीत असली तरी मी पुढे जाणार नाही. इंजिन थंड असताना डिपस्टिक काढावी. ऑइलला पेट्रोलचा उग्र वास येत असेल किंवा पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल, तर ऑइलमध्ये पेट्रोल मिसळत आहे असे समजावे. ऑइलमधला बेल्ट असलेल्या काही इंजिनांत ऑइल भरण्याचे झाकण उघडले की बेल्ट दिसतो : त्यावर भेगा असतील किंवा कडा फुगून सुटत असतील, तर तो बदलण्याबरोबरच चेंबर (इंजिनाखालचे ऑइलचे भांडे) उतरवून ऑइलची जाळी साफ करण्याचा खर्चही किमतीतून वजा करून मागावा. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर कार्बन साठतो. थंड असताना इंजिन अडखळत असेल, तर त्याचीही शक्यता धरावी, परंतु आधी प्लग आणि कॉइल तपासून घ्यावेत, कारण तो दोष स्वस्तात जातो.