रूम सोडताना डिपॉझिट: पाच पत्रे, पाच उत्तरे

नीटची परीक्षा मे महिन्याच्या सुरुवातीला आटोपते आणि लातूरच्या ट्युशन एरियातून गाद्या, कूलर आणि पुस्तकांची पोती लादलेले छोटे टेम्पो गावांकडे निघू लागतात. नांदेडमध्ये आणि छत्रपती संभाजीनगरातही थोड्याफार फरकाने हेच दिसते. या दिवसांत आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न १. माझा मुलगा आणि त्याचे तीन मित्र लातूरमध्ये औसा रोड भागात दोन वर्षे एका रूममध्ये राहिले. सुरुवातीला चौघांचे मिळून २०,००० रुपये डिपॉझिट दिले. पावती घेतली नाही, करारही झाला नाही. आता मालक रंगाचे ६,०००, बाथरूमच्या फरशीचे २,५०० आणि दोन उन्हाळ्यांतील टँकरचे ४,००० कापून ७,५०० रुपये देतो म्हणतात. हे योग्य आहे का? (एक पालक, अहमदपूर)

उत्तर : तिन्ही कपाती एका मापाने मोजता येणार नाहीत. भाडेकरूने जागा घेतली तशी परत करावी, मात्र वाजवी वापराने होणारी झीज त्यात धरू नये, हे तत्त्व मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मध्येच आहे. दोन वर्षांत चार मुले राहिलेल्या खोलीचा रंग मळणारच. तो खर्च मालकांचा. मुलांनी आवर्त सारणी आणि सूत्रांचे तक्ते भिंतीला डिंकाने चिकटवले असतील आणि ते काढताना पापुद्रे निघाले असतील, किंवा खिडकीतल्या कूलरच्या पाण्याने गिलावा फुगला असेल, तर तेवढ्या भिंतीचा खर्च आपण द्यावा. तोही रंगाऱ्याचे बिल पाहून, अंदाजाने नव्हे.

फरशीचे म्हणाल तर बोअरच्या जड पाण्याने क्षारांचा पांढरा थर बसतो, त्यात कोणाचा निष्काळजीपणा नसतो. फरशी फुटली असल्यास गोष्ट वेगळी.

टँकरच्या बाबतीत मात्र मी मालकांची बाजू पूर्णपणे सोडणार नाही. ज्या शहराला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे पाण्याला किंमत असते हे कोणी वेगळे सांगायला नको. भाडे ‘पाण्यासह’ ठरले असेल तर कपात चुकीची आहे. तसे ठरले नसेल आणि शेजारच्या रूमवाल्यांनी टँकरचा वाटा दिला असेल, तर पावत्या मागून आपल्या रूमच्या वाट्याला येईल तेवढी रक्कम द्यावी. मात्र दोन वर्षे गप्प राहून निघण्याच्या दिवशी गोळाबेरीज सांगणे हा हिशेब नव्हे.

आता लेखी करार नसल्याबद्दल. ‘कागद नाही म्हणजे हक्क नाही’ असा आपल्याकडे समज आहे. कायदा याच्या उलट सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि तसा करार नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. रक्कम दिल्याचा पुरावा मात्र आपल्याला लागेल. फोनवरून पाठवले असल्यास बँकेचे पासबुक भरून घ्या. रोख दिले असल्यास एक सोपा मार्ग आहे: मालकांनी कपातीचा हिशेब सांगितला, म्हणजे २०,००० मिळाल्याचे त्यांनी मान्यच केले आहे. तो हिशेब तोंडी न ऐकता व्हॉट्सॲपवर लिहून मागवा आणि जपून ठेवा. मुलगा अठरा वर्षांखालील असेल तर त्याने स्वतः केलेला करार कायद्यात टिकत नाही, म्हणून पुढचा सर्व पत्रव्यवहार आपल्याच नावाने करावा.

प्रश्न २. नांदेडमधील एका खासगी मुलींच्या हॉस्टेलमध्ये जेवणासह राहत होते. नंतरच्या फेरीत दुसऱ्या शहरात प्रवेश मिळाल्याने तीन महिन्यांत हॉस्टेल सोडले. प्रवेश अर्जावर ‘भरलेली रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही’ असे छापले होते आणि त्यावर माझी सही आहे. आता काही करता येईल का? (विद्यार्थिनी, कळमनुरी)

उत्तर : सही केली म्हणून सारे संपले असे नाही. आधी भरलेल्या रकमेचे दोन भाग पाडा. आपण तेथे जितके महिने राहिलात त्यांचे शुल्क हॉस्टेलचे आहे, अनामत रक्कम आपली आहे. ती केवळ त्यांच्याकडे ठेवलेली होती. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करार मोडल्याबद्दल दंड लिहिलेला असला तरी वाजवी भरपाईच मिळते, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. आपली कॉट आठ दिवसांत दुसऱ्या मुलीला दिली गेली असेल, तर हॉस्टेलचे नुकसान आठ दिवसांचे. पूर्वसूचना दिली नसल्यास एक महिन्याचे शुल्क त्यांनी ठेवले तर मी त्याला अन्याय म्हणणार नाही.

नुसती खोली भाड्याने देणे वेगळे आणि जेवण, साफसफाई, वाय-फाय यांसह राहण्याची सोय विकणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात आपण ग्राहक ठरता. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मुळे तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. म्हणजे आपल्याला नांदेडला खेपा घालण्याऐवजी हिंगोलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येईल. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी.

प्रश्न ३. आम्ही चौघे औरंगपुरा भागात राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. शेवटच्या दोन महिन्यांचे भाडे न देता ‘डिपॉझिटमधून कापून घ्या’ असे सांगावे, असा मित्रांचा सल्ला आहे. आमच्यापैकी एक जण मध्येच रूम सोडून गेला आणि त्याच्या वाट्याचे डिपॉझिट नव्या मुलाने त्यालाच दिले. (विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : हा सल्ला लोकप्रिय आहे आणि ज्यांचे डिपॉझिट एकदा बुडाले आहे त्यांची चीड मी समजू शकतो, परंतु मालकांच्या संमतीशिवाय भाडे थांबवल्यास थकबाकीदार आपण ठरता आणि मजबूत बाजू कमकुवत होते. त्यांनी लेखी होकार दिला तर याहून चांगली तडजोड नाही. सोडण्याची सूचना करारात लिहिल्याप्रमाणे द्या. करारात काहीच नसेल तर महिन्याच्या भाडेकरूसाठी कायद्यात पंधरा दिवस आहेत, तरी महिनाभर आधी सांगावे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. मालकांच्या वहीत अजून गेलेल्या मित्राचेच नाव असेल, तर उद्या पैसे त्याच्या खात्यात जातील. एका कागदावर कोणाचे किती हे लिहून चौघांच्या आणि मालकांच्या सह्या आजच घ्या. रूम सोडण्याच्या दिवशी सबमीटरच्या रीडिंगचा आणि रिकाम्या खोलीचा फोटो काढायला विसरू नका. पुढच्या रूमसाठी एक सूचना: ‘बॉन्डवर नोटरी केली’ म्हणजे नोंदणी झाली असे नव्हे. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी ऑनलाइन होते. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये आहे. चौघांत ती वाटली तर प्रत्येकी २५० रुपये.

प्रश्न ४. हिशेब पूर्ण होईपर्यंत हॉस्टेलच्या चालकांनी माझी मूळ गुणपत्रिका ठेवून घेतली आहे. (विद्यार्थी, जालना)

उत्तर : तसा अधिकार त्यांना नाही. विद्यार्थ्यांची मूळ कागदपत्रे अडकवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये शिक्षणसंस्थांनाही बजावले आहे. खासगी हॉस्टेलचा तर प्रश्नच नाही. लेखी मागणी करून पोच घ्या, आणि नकार मिळाल्यास पोलीस ठाण्यात अर्ज द्या. पैशांच्या वादात ही मागणी मिसळू नका.

प्रश्न ५. वर्ष झाले, १५,००० रुपये अडकले आहेत. मालक फोन उचलत नाहीत. पोलीस म्हणतात ही दिवाणी बाब आहे. वकील लावावा तर फी परवडत नाही. (विद्यार्थिनी, परभणी)

उत्तर : पोलिसांचे म्हणणे साधारणपणे बरोबर आहे. घाबरू नका, अशा वसुलीसाठी मुदत सामान्यतः तीन वर्षांची असते. प्रथम पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व प्रकरण म्हणून अर्ज करा. त्याला कोर्ट फी लागत नाही, समोरच्याला बोलावणे जाते, आणि लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते. महिलांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, त्यामुळे फीची चिंता आपल्याला नाही. माहितीसाठी १५१०० हा क्रमांक आहे.

पत्र साधे असावे, रागाचा एकही शब्द नसावा. एवढा मजकूर पुरेल: ‘मी अमुक तारखेला आपली रूम रिकामी करून किल्ली आपल्या हाती दिली. भाडे आणि वीजबिल पूर्ण दिले आहे. माझे डिपॉझिट १५,००० रुपये आपल्याकडे आहे. काही कपात करावयाची असल्यास बिलांसह कळवावी, अन्यथा पूर्ण रक्कम पंधरा दिवसांत पुढील खात्यात जमा करावी.’ खाली खाते क्रमांक आणि सही. आणि पोस्टात टाकण्यापूर्वी त्याची झेरॉक्स.