करवंटीचा कोळसा : ड्रमपासून कंटेनरपर्यंत

प्रश्न : २०० लिटरच्या ड्रममध्ये करवंट्यांचा कोळसा करतो. वरचा थर तपकिरी, धुरकट राहतो आणि तळाशी राख होते. काय चुकतं? – वाचक, वेंगुर्ले

उत्तर : तळाची भोकं शेवटपर्यंत उघडी राहतात. त्यामुळे खाली तयार झालेला कोळसाच जळत बसतो आणि वर पुरेशी आच पोचत नाही. ड्रमला तळाशी, मध्यावर आणि वर अशा तीन ओळींत भोकं पाडा. मधोमध उभा पाइप ठेवून भोवती करवंट्या भरा, पाइप काढा आणि त्या पोकळीत निखारे टाका. सुरुवातीला फक्त तळाची भोकं उघडी. तिथे लाल निखारा दिसला की ती ओल्या मातीने बुजवून मधली उघडा, मग वरची. धूर आधी पांढरा येतो, तो करवंटीतल्या ओलाव्याचा. मग दाट पिवळसर. तो विरळ निळसर झाला की झाकण लावून सगळ्या फटी लिंपा आणि रात्रभर हात लावू नका. घाईने पाणी मारलं की ओलावा वाढतो, भावही पडतो.

करवंटी पक्व नारळाची, वाळलेली, काथ्या काढलेली हवी; शहाळ्याची नको. एक टन कोळशाला तीन ते साडेतीन टन करवंटी लागते. चांगला तुकडा काळाभोर, चमकदार असतो आणि खणखणतो.

प्रश्न : एक व्यापारी आखातात माल पाठवू म्हणतो. वजन भरायला थोडा लाकडी कोळसा मिसळला तर? – वाचक, मालवण

उत्तर : मुळीच नको. भारतातून लाकडी कोळशाच्या निर्यातीवर बंदी आहे. करवंटीच्या कोळशाला परवानगी आहे. भेसळ सापडली तर सगळी खेप अडकते. प्रयोगशाळेच्या अहवालात साधारणपणे स्थिर कार्बन (प्रत्यक्ष जळणारा घन भाग) किमान ७५ टक्के, ओलावा कमाल १०, बाष्पशील द्रव्य (तापवल्यावर वायू होऊन उडणारा भाग) कमाल १५ आणि राख कमाल २ टक्के मागतात. कच्चा तपकिरी माल बाष्पशील द्रव्यातच नापास होतो.

खरी जोखीम आगीची. ताजा कोळसा हवेतला ऑक्सिजन शोषून तापतो, आणि भुगा असेल तर जास्तच. १ जानेवारी २०२६ पासून जहाजावर कोळसा धोकादायक माल म्हणूनच जाहीर करावा लागतो : यूएन १३६१ (संयुक्त राष्ट्रांचा धोकादायक मालाचा क्रमांक), वर्ग ४.२, म्हणजे आपोआप पेटू शकणारे पदार्थ. भरण्याआधी किमान १४ दिवस छपराखाली हवेशीर ठेवा, भरताना तापमान ४० अंशांवर नको आणि कंटेनरच्या छताखाली ३० सेंटिमीटर मोकळे सोडा. महिन्याला दोन-चार टनच निघत असेल, तर ही यातायात परवडत नाही. सक्रिय कार्बन (पाणी-हवा गाळायला वापरतात तो प्रक्रिया केलेला कोळसा) करणाऱ्या तमिळनाडूतल्या कारखान्यांना विकणं बरं. निर्यात ते करतात.

प्रश्न : चाळून उरलेल्या भुग्याचं काय करावं? – तेच वाचक

उत्तर : भुग्याच्या वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास टॅपिओका (साबुकंद) स्टार्चची खळ मिसळून जळणाच्या विटा दाबा आणि पूर्ण वाळवा. चिकटायला माती वापरू नका, राख वाढते.