अख्ख्या बशीच्या मागे लागू नकोस

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. बुडालेल्या जहाजाच्या उत्खननात पहिल्याच बुडीत चिनी मातीची अख्खी बशी हाताला लागावी असं तुला वाटतंय. मलाही वाटायचं. पण स्वीडनमधल्या गोथेनबर्गजवळ बुडालेल्या ‘योतेबोर्ग’ जहाजाचा हिशेब ऐक.

स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचं हे जहाज चीनमधल्या कँटन बंदरातून चहा, रेशीम आणि चिनी मातीची भांडी घेऊन परतत होतं. प्रवासाला अडीच वर्षं झाली होती. १२ सप्टेंबर १७४५ रोजी, घर नजरेत असताना, ते बंदराच्या तोंडाशीच एका खडकावर आदळलं. माणसं सगळी वाचली. मालाचा काही वाटा तेव्हाच वर काढला गेला. उरलेल्यासाठी १९८६ ते १९९२ या काळात हौशी पाणबुडे तळाशी उतरत राहिले. त्यांच्या हाती लागले सुमारे नऊ टन तुकडे. अख्खी भांडी फक्त चारशेच्या आसपास!

म्हणजे तुझं खरं काम तुकड्यांशी आहे. चिनी मातीची भांडी पाण्याने बिघडत नाहीत आणि वजनाने जहाज स्थिर ठेवायलाही चांगली, म्हणून ती तळाला रचत आणि चहा त्यांच्या वर. त्यामुळे कोणता तुकडा कोणत्या थरात, कोणाच्या शेजारी पडला आहे, यावरून माल कसा भरला होता ते कळतं. अधिकाऱ्यांना स्वतःचा थोडा माल आणायची मुभा असे. आजूबाजूच्यांपेक्षा वेगळा दिसणारा एखादा तुकडा त्यातलाही असू शकतो. पण हे कळायला तो उचलण्याआधी त्याची जागा पाण्याखाली लिहायच्या पाटीवर लिहिलेली हवी. आधी मोजमाप, मग चित्र, मग क्रमांक आणि शेवटी हात.

एकदा घाईत मी तळावर आखलेल्या दोन वेगळ्या चौकटींतले तुकडे एकाच पिशवीत टाकले. ते आजही सुरेख दिसतात. ते कुठून आले हे मात्र आता कोणीच सांगू शकत नाही. मला ते अजून सलतं.

१७५२ साली बुडालेल्या डच ‘गेल्डरमाल्सेन’ जहाजातली भांडी १९८६ मध्ये ॲमस्टरडॅमला लिलावात विकली गेली. एक लाखाहून जास्त नग! तळावर ती कशी रचलेली होती याची नीट नोंदच झाली नाही, ही पुरातत्त्वज्ञांची तक्रार आजही आहे. भांडी घरोघर गेली, जहाज मात्र पुन्हा बुडालं असं मी मानतो.

वर आणल्यावर तुकडा उन्हात वाळवू नकोस. आत मुरलेलं मीठ वाळताना स्फटिक होतं आणि झिलई, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, उडवतं. गोड्या पाण्यात बुडवून ठेव, पाणी पुन्हा पुन्हा बदल. झिलईखालची निळी नक्षी टिकते. झिलईवर चढवलेले लाल, सोनेरी रंग समुद्र खाऊन टाकतो. पांढराफटक दिसणारा तुकडा म्हणूनच लगेच बाजूला टाकू नकोस. उजेडात तिरका धर. कधीकधी गेलेल्या फुलाची मंद खूण दिसते.

पहिल्या दिवशीची पाटी मला दाखव.

तुझा,
दादा