पळताना पोटरी भरून येते, डॉक्टर म्हणतात गुडघ्यामागची धमनी दबलीय. वय २३, पोलीस भरती तोंडावर आहे. ऑपरेशन करू का?

भाऊ, माझं उजव्या पायाचं हेच ऑपरेशन झालंय म्हणून लिहितोय. मीपण १६०० मीटरचीच तयारी करत होतो, दोन राउंड झाले की पोटरी दगडासारखी व्हायची, तळव्याला मुंग्या, आणि थांबलं की तीन-चार मिनिटांत सगळं गायब. वर्षभर मसल पेन म्हणून गोळ्या नि मालिश यातच गेलं, कारण झोपवून केलेला डॉपलर (रक्त नीट वाहतंय का बघायची सोनोग्राफी) नॉर्मल यायचा. शेवटी एका व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनने गुडघा सरळ ठेवून पंजा जोरात खाली दाबायला लावला आणि तसाच डॉपलर केला, तर रक्त जाणं बंदच! १८७९ मध्ये कापून काढलेल्या एका पायात एडिंबरोच्या एका मेडिकल स्टुडंटला हा प्रकार पहिल्यांदा दिसला होता, इतका जुना आजार आणि अजूनही सुटून जातो याचं मला खरंच वाईट वाटतं.

पोटरीचा स्नायू किंवा त्याचा एखादा पट्टा चुकीच्या जागी असतो, तो दर पावलाला धमनी चेपतो. गोळीने तो हलणार नाही. धमनी अजून चांगली असेल तर फक्त तो पट्टा कापून तिला मोकळी करतात, माझं तेवढंच झालं, मागे एसच्या आकाराचा व्रण आहे, टाके चौदाव्या दिवशी निघाले, हळूहळू जॉगिंग तिसऱ्या महिन्यात. पण वर्षानुवर्षं चेपून धमनी खराब झाली, आत गुठळी बसली, तर मग पायाचीच शीर काढून बायपास करावा लागतो, ते मोठं काम आहे. म्हणून भरतीसाठी हे पुढे ढकलू नका असं मी कळकळीने सांगेन, पुढची भरती निघेल.

कोणी नुसता स्टेंट (धमनी आतून उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकू म्हणालं तर दुसऱ्या सर्जनला दाखवा, बाहेरचा दाब तसाच राहतो आणि गुडघा वाकून वाकून स्टेंट मोडू शकतो.

एक मात्र बघा, पंजा दाबल्यावर धमनी दबणं हे काहीच त्रास नसलेल्या लोकांतपण दिसतं, त्यामुळे नुसत्या रिपोर्टवर नाही, एमआरआयमध्ये स्नायू नेमका कुठे आहे ते विचारा, आणि पोटरीच्या आतला प्रेशर वाढण्याचा वेगळा आजार असतो, दुखणं सेम, तो नाही ना हेही विचारा. आणि दुसरा पायपण तपासून घ्या, बऱ्याच जणांना दोन्हीकडे असतं, माझा डावा सहा महिन्यांनी केला.